दुसरी सही

रोशनी,

तू कशानं गेलीस ते मी इथं लिहिणार नाही. आपल्या बॅचच्या ग्रुपवर ते सगळं आहे, रोजच्या प्लेटलेटच्या आकड्यांसकट. नर्सांचा ग्रुप, दुसरं काय असणार! एकीनं विचारलं, ब्लीडिंग कधी सुरू झालं? दुसरीनं लिहिलं, चार दिवस ताप अंगावर काढला म्हणे, गोळी घेऊन ड्यूटी करत होती. मग हात जोडल्याची चित्रं आली, एकाखाली एक. मी सगळं वाचलं. गॅलरीत जाऊन उभी राहिले. समोर नव्या रायपूरचा तो रुंद रस्ता. एकदा घरी आली होतीस तेव्हा त्याच्याकडं पाहून म्हणाली होतीस, "येवढा मोठ्ठा रस्ता अन् एक मानूस नाई वं. राहते कशी तू इथं?" एक सरकारी गाडी गेली. बऱ्याच वेळानं एक बस गेली, रिकामीच. वाईट बातमी आली की कुणाला तरी फोन करावासा वाटतो. मी फोन उघडला तर बोट सवयीनं तुझ्याच नावावर गेलं.

आज त्याला सतरा दिवस झाले.

मला 'मंजे' म्हणणारं आता कुणी उरलं नाही. कॉलेजात मी मंजिरी मॅम आहे. आई-बाबा भावाकडं पुण्याला गेले, त्यांच्याशी रविवारी फोनवर बोलते तेवढंच मराठी. खरं म्हणजे मला मराठी बोलायला लावलंस तूच. आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यापासून रायपूरचं, घरात त्याचा केवढा अभिमान, आणि मी मात्र आजीलासुद्धा हिंदीत उत्तर द्यायची. तू भंडाऱ्याकडच्या माणसांची, पण जन्म इथल्या, रायपूरजवळच्या बीरगावातला. बाबा शेजारच्या उरला या कारखान्यांच्या भागात, रोलिंग मिलमध्ये. घरात तिकडची मराठी, पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, छत्तीसगढी, कॉलेजात हिंदी, आणि तिन्हींत तुझा आवाज तोच, जरा चढा. पहिल्याच दिवशी मी तुला सांगितलं, "हम भी मराठी हैं." तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "मंग बोल न मराठी. का तोंडाले कुलूप लावलं?"

ते आपण एका पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या असताना झालं होतं. मॅडमनी उंचीप्रमाणे जोड्या लावल्या होत्या. नर्सिंगच्या चार वर्षांत आपण पहिल्यांदा काय शिकलो, तर चादर घालायला. कोपरा पाकिटासारखा दुमडायचा, सुरकुती एक नको, कारण पडून असलेल्या माणसाच्या पाठीला सुरकुतीनंही जखम होते. मॅडम यायच्या, चादर ओढून टाकायच्या आणि म्हणायच्या, "फिर से." त्या आठवड्यात आपण तो एकच पलंग किती वेळा केला असेल! मला ते अपमानाचं वाटायचं. एवढं बारावीला बायोलॉजी करून आलो आणि चादरी घालतो आहोत. तू मात्र बोलत बोलत घालायचीस. तुझ्या आजीला लकवा झाला होता तेव्हा शेवटी शेवटी तिची पाठ कशी झाली होती, ते तू मला त्या चादरीवरून सांगितलंस. "कोनी सांगितलं असतं न तवा, तं मीच घातली असती अशी चादर," म्हणालीस. त्यानंतर मी कोपरा दुमडताना कधी कुरकुर केली नाही.

वॉर्डातला पहिला महिना आठवतो? पुस्तकात स्पंज बाथची पायरी पहिली: पेशंटला प्रक्रिया समजावून सांगणे. मी पाठ केली होती. आणि प्रत्यक्षात एका म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरची चादर बाजूला केली तेव्हा ती पहिली पायरी राहिली बाजूला. वास, लघवीची पिशवी, आणि त्या माणसाचं लाजून भिंतीकडं वळलेलं तोंड. मी बादली ठेवली आणि मागच्या मोरीत जाऊन ओकले. परत आले तर तू स्टुलावर बसली होतीस आणि त्याला विचारत होतीस, "कका, कोन गाँव ले आए हव?" तो महासमुंदकडचा निघाला. तुझ्या पाऱ्यात त्याचा कुणी साडू राहत होता. दहा मिनिटं तुमचं ते साडूपुराण चाललं आणि त्या बोलण्यातच तू त्याचे हात, छाती, पाठ पुसून घेतलीस. तो मधेमधे 'हव बेटी, हव बेटी' म्हणत होता. बाहेर आल्यावर मला म्हणालीस, "हात लावायच्या आंधी नातं लाव. मंग त्याले लाज नाई वाटत अन् आपल्याले घाण नाई वाटत."

मी आता हेच माझ्या विद्यार्थिनींना शिकवते. तुझं नाव घेत नाही. घ्यायला हवं होतं.

भांडायचोही किती आपण! तुझं म्हणणं, हे केअर प्लान म्हणजे नुसती कॉपी आहे. पेशंटला काय होतंय ते इंग्रजीत लांबलचक वाक्यात लिहायचं, खाली उद्दिष्ट, खाली कृती, खाली मूल्यमापन. मी ते रेघा आखून, दोन शाईंत लिहायची. तू एकदा मॅडमना सरळ विचारलंस, "मैडम, बाई को घर की याद आ रही है, ऐसा लिख दूँ तो नंबर कटेगा?" सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, कटेगा. बसमध्ये मी तुला म्हटलं, लिहिल्याशिवाय कुणाला कळणार आपण काय केलं ते. तू म्हणालीस, "ज्याले केलं त्याले कळते न." मी म्हटलं, ड्यूटी बदलली, दुसरी नर्स आली, तिला काय कळणार? पुढचे चार दिवस तुझे केअर प्लान नीट होते. मग पुन्हा जैसे थे.

माझे कायमच नीट होते. तेच नडलं.

तिसऱ्या वर्षाचं ते पोस्टिंग, बायकांचा मेडिकल वॉर्ड. आता हे मी सविस्तर लिहिते, कारण आपण दोघींनी ते इतकी वर्षं कधी उच्चारलंच नाही.

चौदा नंबरच्या पलंगावर त्या काकी होत्या, धमतरीकडच्या. मधुमेह, पायाला जखम. तुझ्या त्या लाडक्या. जेवणाआधी त्यांना वीस युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. आपल्याला पहिल्या वर्षापासून घोकून घेतलं होतं की इन्सुलिन दोघींनी पाहायचं. एकीनं भरायचं. दुसरीनं बाटली, सिरिंज आणि डॉक्टरांचा कागद, या तिन्ही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायच्या आणि मग सही करायची. इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या येतात, चाळीस आणि शंभर. चाळीसला लाल टोपणाची सिरिंज, शंभरला नारिंगी. वॉर्डात नेहमी चाळीसच असायचं, सिरिंजही लाल. त्या दिवशी वॉर्डातलं संपलं होतं आणि काकींच्या घरच्यांनी बाहेरून बाटली आणली होती. ती शंभरची होती.

मी टेबलाशी बसून केअर प्लान लिहीत होते. दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. स्टाफ सिस्टर नवीन पेशंट घ्यायला दाराशी गेल्या होत्या. तू भरलेली सिरिंज आणि ट्रे घेऊन माझ्याजवळ आलीस, कागद पुढं केलास आणि म्हणालीस, "सही कर वं." माझी रेघ अर्धी आखून झाली होती. मी पट्टी डाव्या हातानं धरून ठेवली आणि उजव्या हातानं सही केली. मान वर केली नाही. बाटली ट्रेमध्ये होती, माझ्या कोपरापासून वीतभर लांब.

वीस मिनिटांनी तू परत आलीस. ट्रे माझ्या वहीवरच टेकवलास.

"मंजे, बाटली शंभरची होती."

मला आधी समजलंच नाही. मग मी ट्रेमध्ये पाहिलं. लाल टोपण. वीस म्हणून भरलेलं पन्नास झालं होतं.

"काई नाई होत," तू भराभर बोलत होतीस. "जेवन येऊनच राहिलं. मी साखरेचं पानी पाजते, बसून राहते तिच्यापाशी. थोड्या वेळानं उतरते ते. तू कोनाले सांगू नोको. मंजे, आयकून राहिली न? बाबाले समजलं तं..."

तू साखर आणायला पळालीस. मी उभी राहिले. किती वेळ, हे मी नंतर हजारदा आठवून पाहिलं आहे. काकींच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "बेटी, मोला चक्कर असन लागत हे." मग मी चालत दाराशी गेले. पळत नाही, चालत. सिस्टरना सांगितलं की चौदा नंबरला इन्सुलिन जास्त गेलंय.

"किसने दिया?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "रोशनी ने."

तू ग्लास घेऊन येत होतीस. तू ऐकलंस. तुझ्या हातातलं पाणी हिंदकळलंही नाही, तू फक्त माझ्याकडं पाहिलंस आणि सरळ काकींकडं गेलीस. मग सगळे धावले. शिरेतून ग्लुकोज दिलं, दर थोड्या वेळानं बोट टोचून साखर पाहत राहिले. काकी काही वेळ भलतंच बोलत होत्या, तुला कुणी दुसरीच समजत होत्या. संध्याकाळपर्यंत त्या उठून बसल्या आणि त्यांनी डाळभात खाल्ला. डॉक्टर म्हणाले, नुसत्या साखरेच्या पाण्यावर निभलं नसतं, ते औषध कित्येक तास काम करत राहतं. बरं झालं वेळेवर कळलं.

म्हणजे मी बरोबर केलं. हे मला तेव्हाही माहीत होतं, आजही माहीत आहे. तेच पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा तेच करीन. त्याबद्दल मी तुझी माफी मागत नाही, रोशनी. मागितली असती तर तूच हसली असतीस.

माफी दुसऱ्या गोष्टीची आहे.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत तुला उभं केलं होतं. मला साक्षीला बोलावलं होतं. मॅडमही होत्या. मॅडमनी तुला विचारलं, चेक कुणी केलं होतं? मी तुझ्या शेजारी, हातभर अंतरावर उभी होते. माझ्या सहीचा कागद तुझ्या एप्रनच्या खिशात असणार हे मला माहीत होतं, कारण तो फाइलमध्ये नव्हता. मी सकाळीच फाइल पाहिली होती. हो, हेही लिहिते. फाइल मी सकाळी जाऊन पाहिली होती.

तू म्हणालीस, "किसी ने नहीं, मैडम. मैं अकेली थी."

खोलीत पंखा चालू होता. प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं. एवढंच म्हणायचं होतं की नाही, सही माझी आहे. मी मान खाली घातली. मग त्यांनी मला शाबासकी दिली. म्हणाले, चूक वेळेवर कळवणं हे चांगल्या नर्सचं लक्षण आहे, आणि ते सगळ्या बॅचपुढंही सांगितलं. तुला त्या वर्षी परीक्षेला बसू दिलं नाही.

काकी अजून आठ-दहा दिवस वॉर्डात होत्या. तुला त्या वॉर्डात यायला बंदी होती. रोज त्या मला विचारायच्या, "ओ दूसर नोनी कहाँ हे?" ती दुसरी मुलगी कुठं आहे? मी सांगायची, सुट्टीवर आहे. त्या म्हणायच्या, तिला म्हणावं, एकदा भेटून जा. मी तुला तो निरोप दिला नाही. आपण तेव्हा बोलत नव्हतो.

वर्षभर आपण एकाच बसनं जायचो. तू मागं बसायचीस, तुझ्या नव्या बॅचच्या पोरींबरोबर, आणि तुझा तो चढा आवाज मला पुढं ऐकू यायचा. मी पास झाले, मला ढाल मिळाली. त्याच हिवाळ्यात तुझे बाबा गेले. मिलमधून आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि झालं. मी बीरगावला आले होते, आठवतं? दाराशी चपलांच्या गर्दीत उभी होते. तू आतून बाहेर आलीस, माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालीस, "ये, आत बैस." बास, तेवढंच. वर्ष गेलं नसतं तर त्यांनी तुला नर्सच्या कपड्यात पाहिलं असतं. सगळ्या पाऱ्याला सांगून ठेवलं होतं त्यांनी. हे तू कधी बोलली नाहीस. मीही नाही.

नंतर तू त्या हॉस्पिटलच्या आयसीयूत लागलीस आणि मी शिकवायला आले. माझ्या मुलींना घेऊन तुझ्या वॉर्डात पोस्टिंगला आले तेव्हा तू मला पाहून म्हणालीस, "आली का वं मास्तरीन!" आणि जणू मधे काही झालंच नव्हतं. गेली चार वर्षं आठवड्यातून एकदा तरी आपण कँटीनमध्ये चहा घेतला. तुझ्या आईचे गुडघे, माझं लग्न न होणं, नव्या डॉक्टरांचा तोरा, सगळं बोललो. तुझं आयसीयूतलं काम मी लांबून पाहायची. श्वासाच्या मशीनवर असलेल्या, शुद्ध नसलेल्या माणसाला तू कूस बदलताना सांगायचीस, "भैया, अब इस तरफ, हाँ, हो गया." आणि औषध भरताना शेजारच्या नर्सला थांबवून म्हणायचीस, "देखो पहले. आँख से देखो, फिर साइन करो." मी तेव्हा दुसरीकडं पाहायची.

मागच्या हिवाळ्यात मी एकदा बोलायचं ठरवून आले होते. बसमधून येताना वाक्यं जुळवली होती. कँटीनमध्ये तू समोर बसलीस, दोन्ही हातांनी पेला धरलास, आणि मी सुरुवात केली, "रोशनी, त्या दिवशी ती सही..."

तू म्हणालीस, "चहा पी वं. थंडा होऊन राहिला."

रागानं नाही. घाईनंही नाही. मी चहा प्यायले. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. आता वाटतं, तू फक्त एक घोट घ्यायला सांगत असशील. मी पुन्हा सुरू करीन म्हणून वाट पाहत असशील. किंवा नसशील. हे आता मला कोण सांगणार?

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेले. बीरगावात तोच धुरळा, तेच ट्रक. तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. मला ओळखलं तिनं. "मंजू न तू? रोशनीसंगं शिकत होती ती." म्हणजे घरी तू माझ्याबद्दल कधी वेडंवाकडं सांगितलं नव्हतंस. मी तिचा हात धरून बसले. तिनं मला विचारलं, "बाई, चार चार वर्सं शिकवते तुमाले. दुसऱ्याचा ताप मोजाचं शिकवते. सोताचा ताप मोजाचं नाई का शिकवत?"

मी तिला पाण्याचा पेला दिला आणि मनात म्हटलं, शिकवतो, काकू. एका धड्यात आहे, परीक्षेला सहसा येत नाही.

आणि आता परवाची गोष्ट. ही तुला माहीत नाही.

तुझ्या हॉस्पिटलमध्ये शोकसभा होती, दुपारी, वरच्या हॉलमध्ये. मी माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना घेऊन आले होते, त्यांचं पोस्टिंग तिथंच चालू आहे. तुझा तो ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता. तुला तो आवडायचा नाही. मेट्रन बोलल्या, एक डॉक्टर बोलले. मग तुझ्या हाताखालची ती खुशबू उठली. नवीनच लागलेली मुलगी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बोलत होती.

"रोशनी दीदी हर नए बैच को एक बात बताती थीं," ती म्हणाली. "कि पढ़ाई के टाइम उनसे इंसुलिन ज़्यादा चला गया था. दीदी बोलती थीं, मैं अकेली थी, चेक करने वाला कोई नहीं था. गलती समझ में आई तो मैं खुद जाके सिस्टर को बोली. एक मिनट नहीं रुकी. मेरा साल गया, पर काकी अपने घर गई." तिनं ओढणीचं टोक सोडलं. "दीदी बोलती थीं, छुपाना मत. जाके बोल देना. मैंने बोला था, तुम भी बोलना."

मी खुर्चीत बसले होते आणि मला माझे हात कुठं ठेवावेत ते कळेना.

तुझ्या त्या गोष्टीत मी नव्हते, रोशनी. सही करणारी मंजिरी नव्हती आणि जाऊन सांगणारी मंजिरीही नव्हती. तू मला दोन्ही ठिकाणांहून काढून टाकलं होतंस. मला वाचवायला काढलंस, की मी तिथं नकोच होते म्हणून काढलंस? की सांगत सांगत तुलाच तसं आठवायला लागलं होतं? की त्या दिवशी साखर आणायला न पळता आपण सिस्टरकडं जायला हवं होतं असं तुला रोज वाटायचं, आणि पोरींना सांगताना तू रोज एकदा तिकडं जायचीस? मी तिथं बसून हे सगळं एकामागून एक विचारत होते, आणि तू फोटोतून त्या न आवडणाऱ्या चेहऱ्यानं पाहत होतीस. खोलीभर माणसं होती. खरं काय झालं ते माहीत असणारी मी एकटीच होते. इतकं एकटं मला त्या रिकाम्या रस्त्यासमोरही वाटलं नव्हतं.

खुशबू माझ्याकडं वळली. "मैम, आप तो दीदी की बैचमेट थीं न? ऐसा ही हुआ था न?"

सगळ्यांनी माना वळवल्या. माझ्या मुली दोन रांगांत बसल्या होत्या. त्यांना मी दर वर्षी फळ्यावर लिहून शिकवते: दुसरीनं डोळ्यांनी पाहायचं आणि मग सही करायची. खाली रेघ मारते.

मी उभी राहिले. "हाँ," म्हणाले. "वो खुद गई थी बताने. मैं वहीं थी."

खुशबूनं मान डोलावली आणि ती बसायला वळली.

"लेकिन वो अकेली नहीं थी," मी म्हटलं. "सेकंड चेक मेरा था. मैंने साइन किया था. बोतल सामने रखी थी, मैंने देखी नहीं. बाद में पूछा गया तो उसने मेरा नाम नहीं लिया, और मैंने भी नहीं बताया. आज तक नहीं."

 मेट्रननी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. माझ्या पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं, जी वर्गात कधी तोंड उघडत नाही, तिनं हळूच विचारलं, "मैम, देखा क्यों नहीं आपने?"

"केअर प्लान लिख रही थी," मी सांगितलं. "लाइन सीधी खींचनी थी."

ती हसली नाही. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. शंभरची बाटली, लाल टोपण, काकींचा घाम, प्राचार्यांची खोली, तुझं गेलेलं वर्ष, आणि तुझे बाबा. काकी तुला रोज विचारत होत्या, हेही सांगितलं. तुला द्यायचा तो निरोप शेवटी मी तुझ्या फोटोसमोर परक्या माणसांना दिला.

फक्त एक गोष्ट मी बदलली नाही. जाऊन सांगणारी तूच राहिलीस.

तुझी,
मंजे